पुण्याचे सांडपाणी, सोलापूरचा नळ आणि आमचा शाळेचा गट

गेल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या व्हॉट्सॲप गटात कडाक्याचे भांडण झाले. दोघांनी गट सोडला, त्यांतल्या एकीला समजावून परत आणले, आणि मग गट सांभाळणाऱ्या मित्राने सर्वांपुढे प्रस्ताव ठेवला की यापुढे पाणी, रस्ते, कचरा आणि महापालिका हे विषय गटात काढायचे नाहीत. वाढदिवस, मुलांची लग्ने, शाळेच्या आठवणी आणि आजारपणातली मदत एवढ्यापुरताच गट ठेवायचा. त्याचा हेतू चांगला आहे हे मी जाणते. १९८८ साली सोलापुरात दहावी झालेली आम्ही माणसे इतक्या वर्षांनी एकमेकांना सापडलो आहोत, आणि नळावरून ही नाती तुटावीत असे कोणालाच वाटत नाही. तरीही मी त्या प्रस्तावाला विरोध केला. चार ओळींत लिहिलेला तो विरोध मला स्वतःलाच अपुरा वाटला, म्हणून येथे सविस्तर लिहीत आहे. गटातले बहुतेक जण येथेही आहेत, आणि पुणे किंवा सोलापूर ज्यांना आपले वाटते अशा इतरांशीही या गोष्टीचा तितकाच संबंध आहे.

भांडणाची सुरुवात अगदी साध्या वाक्याने झाली. पुण्यात राहणाऱ्या आमच्या एका मित्राने लिहिले की दोन दिवस पाणी कमी दाबाने येत आहे, टँकर मागवावा लागला, या शहरात राहणे आता कठीण झाले आहे. त्यावर सोलापूरला हद्दवाढ भागात राहणाऱ्या मैत्रिणीने उत्तर दिले, "आमच्याकडे आज पाचवा दिवस आहे. आणि उद्या जे येईल ते तुम्ही वापरून सोडलेलेच असेल." पुढच्या दोन तासांत या एका वाक्यावरून काय काय निघाले ते पुन्हा लिहिण्यासारखे नाही. पुणेकरांचा गर्व निघाला, सोलापूरकर पाणीपट्टी भरत नाहीत हे निघाले, कोणत्या पक्षाची सत्ता किती वर्षे होती हे निघाले, आणि शेवटी कोणाच्या वडिलांनी कोणाला कधी मदत केली होती इथपर्यंत गोष्ट गेली. एवढ्या गदारोळात त्या मैत्रिणीच्या वाक्यात जे खरे होते त्याला कोणीही उत्तर दिले नाही. मीही दिले नाही.

मी सोलापुरात वाढले आणि गेली सत्तावीस वर्षे पुण्यात राहते, म्हणून पाचवा दिवस म्हणजे काय हे मला सांगता येईल. ज्या घरात रोज नळ येतो त्या घरात पाणी ही वस्तू दिसतच नाही. ज्या घरात चार-पाच दिवसांआड येतो तेथे ती सगळीकडे दिसते. न्हाणीघरात हौद, गच्चीवर टाकी, स्वयंपाकघराच्या दारामागे झाकलेली पिंपे, आणि जेथे टाकी बांधायची ऐपत नाही तेथे बोळात ओळीने मांडलेली निळी बॅरल. आज कपडे धुवायचे की उद्या, पाहुणे कोणत्या दिवशी बोलवायचे, देवघर कधी धुवायचे, हे सारे पाण्याच्या दिवसावर ठरते. पाणी पहाटे तीनला सुटणार असेल तर कोणीतरी जागे राहावे लागते, आणि मी पाहिलेल्या प्रत्येक घरात ते कोणीतरी म्हणजे बाईच असते. पाणी सोडणारा पालिकेचा चावीवाला आज कोणत्या गल्लीची चावी आधी फिरवणार, हे कळावे म्हणून शेजारणी एकमेकींना फोन करतात. साठवलेल्या पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, म्हणून आठवड्यातून एक दिवस भांडी कोरडी ठेवा असे आरोग्य खाते सांगते. पण पाचव्या दिवशी येणारे पाणी ज्याने मोठ्या कष्टाने भरून ठेवले आहे त्याने ते डासाच्या भीतीने ओतून कसे द्यायचे, हा प्रश्न त्या सूचनेत कोठेही नसतो.

सोलापूरला पाणी देणारे भीमेवरचे उजनी धरण मात्र लहान नाही. त्याची एकूण साठवण सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट) आहे आणि त्यातला निम्म्याहून अधिक, जवळजवळ ६४ टीएमसी, मृतसाठाच, म्हणजे एरवी वापरात न धरलेला तळाचा साठा, आहे. म्हणून दर उन्हाळ्यात आमच्याकडे "उजनी मायनसमध्ये गेली" आणि पावसाळ्यात "उजनी प्लसमध्ये आली" अशी भाषा बोलली जाते आणि वर्तमानपत्रे रोज त्याचे आकडे छापतात. सोलापूर शहराला पाणी मिळते ते मुख्यतः तीन वाटांनी: उजनीतून थेट जलवाहिनीने, भीमेवरच्या टाकळीच्या उपशातून, आणि इंग्रजांच्या काळातल्या एकरूखच्या, म्हणजे हिप्परग्याच्या, तलावातून. टाकळीसाठी धरणातले पाणी नदीत सोडावे लागते, आणि शंभराहून अधिक किलोमीटर वाहत येताना वाळू, ऊन आणि वाटेतला उपसा यांत त्यातले बरेचसे संपते. शहराला लागते त्याच्या कितीतरी पट पाणी त्यासाठी सोडावे लागते. त्यामुळे ज्या वर्षी धरण भरून वाहते त्या वर्षीही नळ रोज येत नाही. सोलापूरचे दुखणे केवळ पावसाचे नाही, ते जलवाहिनीचे, टाक्यांचे आणि शहरांतर्गत वाटपाचे आहे, हे तेथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. पुण्यातल्या माझ्या मित्रांना मात्र सोलापूर म्हटले की अजूनही फक्त दुष्काळ आठवतो.

आता त्या वाक्याच्या दुसऱ्या भागाकडे येते, कारण माझे खरे म्हणणे तेथे आहे.

दोन वर्षांपूर्वी याच मैत्रिणीने भिगवणहून एक छायाचित्र पाठवले होते. ती मुलांना घेऊन उजनीच्या फुगवट्यावर, म्हणजे धरणामागे पसरलेल्या पाण्यावर, रोहित पक्षी पाहायला गेली होती. पक्षी दूर होते, आणि अलीकडे काठाला पाण्यावर हिरवट साय धरली होती, रंग कालवावा तशी. तिने विचारले होते, "हे कुठून येतं गं?" मी अनेक वर्षे हुतात्मा एक्सप्रेसच्या खिडकीतून ते पाणी पाहत आले आहे, ते दिसले की माहेर जवळ आले असे मला वाटते, पण तिच्या प्रश्नाचे उत्तर मी कधी शोधले नव्हते. त्या रात्री मी नकाशा उघडून नदीची वाट पाहिली. भीमाशंकरला उगम पावलेल्या भीमेला तुळापूरला इंद्रायणी मिळते, पुढे रांजणगाव सांडसजवळ पुण्यातून येणारी मुळा-मुठा मिळते, मग दौंड, मग भिगवणचा फुगवटा आणि उजनी. धरणाच्या खाली नीरा नरसिंहपूरला नीरा मिळते, पंढरपूरला हीच नदी चंद्रभागा होते आणि मग टाकळीला सोलापूरच्या नळाकडे वळते. आळंदीची पालखी आषाढीला पंढरपूरला पोहोचते. आळंदीच्या घाटावरचे पाणी तर वर्षभर त्याच दिशेने चाललेले असते, आणि वारकरी चंद्रभागेत ज्या पाण्याने स्नान करतो त्यात इंद्रायणी आणि मुळा-मुठा दोघीही आहेत. लहानपणी आम्हाला नद्यांची नावे उगमापासून मुखापर्यंत पाठ करायला लावत. त्या यादीत शहरेही होती, पण एका शहराने दुसऱ्याला काय पाठवायचे असते ते कोणी शिकवले नाही.

शहराला दिलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते, असे अभियंते धरून चालतात. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला या चार धरणांतून येणारे पाणी आपण पुणेकर माणशी १३५ लिटरच्या ठरलेल्या प्रमाणाहून अधिक वापरतो, यावर पाटबंधारे खाते आणि महापालिका यांच्यात वर्षानुवर्षे पत्रव्यवहार चालू आहे. अधिक पाणी घेणे म्हणजे अधिक सांडपाणी सोडणे, हा हिशोब मात्र आपल्या गप्पांत येत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०१८ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची जी यादी केली तीत ३५१ पट्टे होते, त्यांतले ५३ एकट्या महाराष्ट्रातले, आणि त्यांत मुळा, मुठा आणि भीमा या तिन्ही नद्या आहेत. जपानच्या जायका संस्थेच्या कर्जातून मुळा-मुठेच्या शुद्धीकरणासाठी ११ नवी केंद्रे बांधायची, त्यांची एकत्रित क्षमता दिवसाला ३९.६ कोटी लिटर असायची आणि खर्च सुमारे ९९० कोटी रुपये, असा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. त्याच महिन्यात स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांची नावे जाहीर झाली आणि त्यांत महाराष्ट्रातली दोनच शहरे होती, पुणे आणि सोलापूर. मला तो महिना चांगला आठवतो, कारण माझे माहेर आणि माझे घर एकाच यादीत आल्याचा मला मनापासून आनंद झाला होता. शुद्धीकरण केंद्रांच्या प्रत्यक्ष बांधकामाला वेग येईपर्यंत त्यानंतर सहाहून अधिक वर्षे गेली. त्या वर्षांत रोज जे पाणी शुद्ध न होता नदीत गेले ते कोणाच्या तरी उशाशी जाऊन थांबले, आणि ते कोणीतरी म्हणजे आमच्याच वर्गातली माणसे आहेत.

मैत्रिणीचा तो प्रश्न मनातून जाईना, म्हणून एके दिवशी मी आमच्याच गृहसंकुलाच्या तळघरात उतरले. दोनशेहून अधिक सदनिकांच्या आमच्या संकुलात स्वतःचा मैलाशुद्धीकरण प्रकल्प आहे, सगळे त्याला एसटीपी म्हणतात, आणि चौदा वर्षे तेथे राहूनही मी तो पाहिला नव्हता. तेथे काम करणाऱ्या दादांनी मला अतिशय नीट समजावून सांगितले. टाकीतले जिवाणू मैला खाऊन पाणी स्वच्छ करतात, पण त्यासाठी त्यांना दिवसरात्र हवा लागते. ती देणारा ब्लोअर थांबला की ते मरतात, पाणी काळे पडते आणि वास सुटतो. विजेचे बिल कमी करण्यासाठी आमचा ब्लोअर दिवसातून काही तासच चालवला जात होता. शुद्ध झालेले पाणी शौचालयांच्या टाक्यांना पुरवण्यासाठी वेगळी नळयोजना घातलेली होती, परंतु वासाच्या तक्रारी आल्यामुळे तिची झडप कोणीतरी कधीतरी बंद करून टाकली होती. म्हणजे अर्धवट शुद्ध झालेले पाणी आम्ही गटारात सोडत होतो, शौचालयात पिण्याचे पाणी ओतत होतो, आणि पाणी पुरत नाही म्हणून त्याच महिन्यात टँकरचे पैसेही भरत होतो. हे करायला आम्हाला कोणत्याही पक्षाने सांगितले नव्हते.

सर्वसाधारण सभेत मी हा विषय मांडला तेव्हा दरमहा देखभाल खर्च वाढेल म्हणून बराच विरोध झाला. मी त्या सभेत आकडेवारी सांगितली नाही, मैत्रिणीने पाठवलेले ते छायाचित्र दाखवले आणि ती कोठे राहते ते सांगितले. ब्लोअर आता चोवीस तास चालतो. शौचालयांची झडप अजून उघडलेली नाही, तीवर वाद चालू आहे, आणि ती उघडेपर्यंत मी तो चालू ठेवणार आहे. एका संकुलाने उजनी स्वच्छ होणार नाही हे मला कळते. परंतु पुण्यात अशी संकुले किती आहेत आणि त्यांतल्या कितींचे ब्लोअर रात्री बंद असतात, हा प्रश्न विचारायला मी शिकले ती गटातल्या एका छायाचित्रामुळे. नागरी प्रश्नांची चर्चा गटातून काढून टाकावी असे ज्यांना वाटते त्यांच्यापुढे मला एवढेच ठेवायचे आहे.

आता थोडे सोलापूरच्या माझ्या मित्रांशीही स्पष्ट बोलायला हवे, नाहीतर हे लिहिणे एकांगी होईल. पाणी सुटले की नळाला थेट मोटार जोडून ओढणारे हात आपलेच असतात. वरच्या अंगाला चार मोटारी लागल्या की गल्लीच्या टोकाच्या घरात नळाला फक्त हवा येते, आणि त्या टोकाच्या घरात बहुधा विड्या वळणारी किंवा यंत्रमागावर जाणारी बाई राहते, जिला मोटार परवडत नाही आणि दिवसाची मजुरी बुडवून पाण्यासाठी थांबणेही परवडत नाही. गटात हे एकाने लिहिले तेव्हा त्याला "तू पुण्याचा झालास" असे ऐकवले गेले. तो खरे बोलत होता. त्याच्या स्वतःच्या आईच्या घरीही हेच होते हेही त्याने त्याच संदेशात लिहिले होते, पण तेवढी ओळ कोणी वाचली नाही.

पक्षांवरून जे भांडण झाले त्याबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी असे वाटते. पुणे आणि सोलापूर या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि जानेवारी २०२६ मध्ये निवडणूक होईपर्यंत दोन्हीकडे प्रशासक होते. जवळजवळ चार वर्षे दोन्ही शहरांत एकही नगरसेवक नव्हता. त्या काळात नळाची तक्रार घेऊन कोणाच्या दारात जायचे हे सामान्य माणसाला कळत नव्हते, सभागृहात प्रश्न विचारणारे कोणी नव्हते, आणि आपण सारे त्याच काळात एकमेकांना विचारत होतो की तुझ्या पक्षाने काय केले. आम्ही ज्या शाळेत शिकलो तेथे दरवर्षी सांगितले जाई की १९३० साली सोलापूरच्या नगरपालिकेवर राष्ट्रध्वज फडकला होता. नगरपालिका ही इतकी मोलाची जागा असते हे त्या वयात आम्हाला कळले होते. मोठे झाल्यावर ती जागा चार वर्षे रिकामी राहिली आणि आमच्या गटात त्यावर एकही संदेश आला नाही, हे मी मागे जाऊन तपासले आहे.

अनोळखी माणसांशी या विषयांवर बोलणे मी केव्हाच सोडले, कारण तेथे समोरचा माणूस आपल्या शहराचा किंवा पक्षाचा प्रतिनिधी म्हणून बोलतो. आमच्या गटात तसे होण्याचे कारण नाही. ज्या मुलीने पाचवीत मला आपल्या डब्यातली शेंगाचटणी आणि कडक भाकरी रोज अर्धी दिली, ती मला पाचव्या दिवसाबद्दल सांगते तेव्हा ती सोलापूरची प्रतिनिधी नसते. तिच्या पाठीचे दुखणे मला माहीत आहे, गच्चीपर्यंत किती पायऱ्या आहेत ते माहीत आहे. एकाच नदीवरच्या वरच्या आणि खालच्या गावातली, एकमेकांना लहानपणापासून ओळखणारी माणसे रोज एका जागी बोलत आहेत, अशी सोय कोणत्याही समितीकडे नाही. ती आपण नियम करून बंद करू नये.

बोलण्याची रीत मात्र बदलावी, आणि त्याबद्दल माझ्या दोन विनंत्या आहेत. पाण्याबद्दल लिहिताना आधी आपल्याच घरचे लिहावे: किती दिवसांनी आले, किती वेळ आले, साठवायची सोय काय, वापरलेले पाणी कोठे जाते. आपल्या संकुलात एसटीपी असेल तर ती चालू आहे का, हे पाहून मगच इतरांबद्दल लिहावे. आणि शक्य असेल त्यांनी सोमवारचा उपयोग करावा. राज्य सरकारच्या २०१८ च्या आदेशानुसार स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत नागरिकांना कागदपत्रे पाहता येतात. पुण्यातले आम्ही सहा जण निवृत्त आहोत किंवा निवृत्तीच्या जवळ आहोत. शुद्धीकरण केंद्रांत रोज किती पाणी येते आणि किती शुद्ध होऊन बाहेर पडते, याच्या नोंदी पाहण्यासाठी येत्या सोमवारी मी जाणार आहे. दोघांनी येण्याचे कबूल केले आहे, आणि त्यांतला एक तोच आहे ज्याने टँकरबद्दल लिहिले होते.

हे सारे येथे टाकण्यापूर्वी मी काल रात्री मैत्रिणीला फोन करून वाचून दाखवत होते. सोमवारपर्यंत आले तेव्हा तिकडून भांड्यांचा आवाज आला, ती म्हणाली, "थांब गं, पाणी आलं," आणि फोन तसाच कट्ट्यावर ठेवून ती गेली. पाऊण तास तो चालू होता. मी ठेवला नाही.